पाटीच्या दगडावरची बाग : मोझेलकाठची झोनेनऊर

वावरातला

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त जर्मनीत ट्रियरला येऊन चार वर्षं झाली. घरची शेती निफाड तालुक्यात, द्राक्षांची. त्यामुळे इथं आल्यावर पहिल्याच सुट्टीत शहरातली रोमन वेस बघायची सोडून मी नदीकाठच्या बागा बघायला निघालो. तेव्हापासून एका बागेबद्दल इथं लिहायचं मनात आहे. आज जमवतोच.

मोझेल नदी ट्रियरहून कोब्लेन्झकडे जाताना सतत वळत जाते. प्रत्येक वळणावर एक काठ उन्हाला तोंड करून असतो आणि त्या काठावर द्राक्षं. आपल्याकडे बाग म्हटली की सपाट रान, वेली चढवायला मांडव नाहीतर 'वाय' आकाराचा सांगाडा, आणि दोन ओळींतून ट्रॅक्टर-ब्लोअर जाईल एवढी वाट. इथं बाग डोंगराच्या उभ्या अंगावर. काही ठिकाणी चढ ७० टक्क्यांपर्यंत. दोन्ही पाय एका पातळीत ठेवून उभं राहता येत नाही.

बेर्नकास्टेलच्या थोडं पुढं वेलेन नावाचं गाव आहे. गाव डाव्या काठावर आणि त्याची नामांकित बाग नदीपलीकडे उजव्या काठावर, नैऋत्येला तोंड करून. मध्ये झुलता पूल. पुलावरून बघितलं की हिरव्या ओळींमध्येच खडकाचा एक उघडा भाग दिसतो आणि त्यावर पांढरं सूर्यघड्याळ. योडोकस प्र्यूम नावाच्या बागायतदाराने १८४२ मध्ये ते बनवलं, बागेत राबणाऱ्या माणसांना जेवणाची आणि घरी परतायची वेळ कळावी म्हणून. 'झोने' म्हणजे सूर्य, 'ऊर' म्हणजे घड्याळ. त्या घड्याळावरून सगळ्या शिवाराला नाव पडलं झोनेनऊर. वाईनच्या बाटलीवर गावाचं नाव आधी आणि बागेचं नंतर येतं : वेलेनर झोनेनऊर, म्हणजे 'वेलेनची झोनेनऊर'.

नाव साधंच वाटलं होतं. नंतर पुलावर उभा असताना लक्षात आलं, की सूर्यघड्याळ काढायचं तर दिवसाचा मोठा भाग ऊन पडेल अशीच जागा निवडावी लागते. ५० अक्षांशावर ऊन हीच सगळ्यात दुर्मीळ गोष्ट. निफाड २० अक्षांशावर आहे, आम्हाला ऊन चुकवायला पानांची सावली धरावी लागते. इथं पिढ्यानपिढ्या लोकांना एकच काळजी, द्राक्ष पिकेल का. मग ज्या खडकावर घड्याळ चालतं त्याच्या आजूबाजूचं द्राक्ष नक्की पिकणार. मोझेलवर झोनेनऊर नावाच्या आणखीही बागा आहेत, त्सेल्टिंगनला आहे, ब्राउनेबर्गला आहे, आणि त्याही चांगल्याच मानल्या जातात.

आता माती. माती म्हणायला जीभ वळत नाही, कारण पायाखाली नुसता दगड असतो. हा दगड आपल्या सगळ्यांच्या हातून गेलेला आहे. शाळेतली दगडी पाटी आठवते? लाकडी चौकटीतली, पेन्सिलीने करकर वाजणारी? तोच. निळसर काळा, पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा पाटीचा दगड, म्हणजे स्लेट. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ दाबला जाऊन हा दगड झाला. त्याचे तळहाताएवढे तुकडे उतारभर पसरलेले असतात. पाऊस झाला की तुकडे घसरून खाली येतात. ते पुन्हा वर टाकायचं काम पूर्वीपासून चालत आलंय.

मागच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओळखीच्या एका बागायतदाराकडे एक दिवस काढणीला गेलो होतो. सकाळी धुकं इतकं, की खालची नदी दिसेना. हातात कात्री, बादली गुडघ्याला टेकवलेली, कारण खाली ठेवली की ती घरंगळते. पाऊल टाकलं की दगडांचा आवाज येतो, फुटक्या कौलांच्या ढिगावरून चालल्यासारखा. दहानंतर धुकं उठलं आणि अर्ध्या तासात दगड तापायला लागले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर बघितलं तर मोबाईलमध्ये दोन वाजले होते आणि घड्याळाची सावली बारा-चाळीसच्या आसपास. जुनं घड्याळ, सरकलं असेल असं वाटलं.

संध्याकाळी काम संपल्यावर, सूर्य समोरच्या डोंगराआड गेला, अंगात स्वेटर घालावा लागला, तेव्हा त्या बागायतदाराने एक चपटा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. कोमट होता. तव्यावरून काढून दोन-तीन मिनिटं झालेल्या भाकरीएवढा. रात्रभर ही ऊब घडांना खालून मिळत राहते, म्हणाला. मी तो तुकडा बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

रात्री त्याच उतारावरची वाईन प्यायलो. द्राक्ष रीसलिंग, अल्कोहोल जेमतेम आठ टक्के. वाईनची जाण मला फार नाही, द्राक्षाची आहे, म्हणून जे जाणवलं तेवढंच लिहितो. आधी पांढऱ्या पीचचा आणि कसल्यातरी फुलांचा वास. मग गोडी, आणि त्या गोडीला घट्ट धरून ठेवणारा आंबटपणा. कैरीचं पन्हं नीट जमलेलं असलं की साखर वेगळी आणि कैरी वेगळी लागत नाही, तसं. आणि घोट गिळल्यावर शेवटी ओल्या पाटीचा वास. फडक्याने पाटी पुसली की यायचा तोच.

हे सगळं लिहिण्यामागे एक घरची गोष्ट आहे. पंधरा वर्षांपूर्वी वडिलांनी शेजारच्या शिवारात सव्वा एकर विकत घेतलं. सातबाऱ्यावर गट नंबर, क्षेत्र, आकार, सगळं स्वच्छ. डॉगरीजचा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम वाढतं ती वेल) लावून त्यावर थॉमसन द्राक्षाचं कलम भरलं. दुसऱ्या वर्षीपासून पानांच्या कडा जळायला लागल्या. पाणी मुरेना, वर पांढरा थर यायचा. तिसऱ्या वर्षी बाग काढली. तेव्हा बांधावर बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "अरे, ते चोपणाचं वावर आहे. आमचा आजा त्यात ज्वारीसुद्धा टाकत नव्हता." त्या जमिनीचं नावच चोपण होतं! जुन्या लोकांनी निदान करून ठेवलेलं होतं. गट पडले, नंबर आले, आणि ते नाव खरेदीखतात कुठंच नव्हतं. झोनेनऊर हे नाव बाटलीवर छापलेलं बघितलं की मला ते चोपण आठवतं.

कृष्णाकाठ

फार सुंदर लिहिलंय दादा. कोमट दगडाचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. एक शंका : दगडाची चव खरंच वाईनमध्ये उतरते का? आमच्याकडे माळावरचा हरभरा आणि मळ्यातला हरभरा चवीला वेगळा लागतो हे मान्य, पण हरभऱ्याला मुरुमाची चव लागते असं कोणी म्हणत नाही.

भूगर्भी

कृष्णाकाठ यांची शंका रास्त आहे आणि माझा विषय आहे म्हणून सविस्तर लिहितो.

दगडाची चव थेट वाईनमध्ये उतरत नाही. स्लेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून तर पाटी म्हणून आणि छपराला म्हणून वापरता येते. मुळं जी खनिजं घेतात ती सुटी, पाण्यात विरघळलेली आणि फार थोडी. ती वाईनमध्ये असतात, पण जिभेला कळतील एवढी नसतात. वेल्समधले भूशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स मॉल्टमन यांनी ह्या विषयावर वर्षानुवर्षं लिहिलं आहे आणि त्यांचंही म्हणणं हेच आहे.

आता ओल्या पाटीचा वास. तो दगडाचा नसतोच. कोरड्या दगडाच्या पृष्ठभागावर वनस्पतींची तेलं, सूक्ष्मजीवांनी तयार केलेली द्रव्यं असं बरंच काही बसलेलं असतं. पाणी पडलं की ते हवेत उडतं. पहिल्या पावसाचा मृद्गंध आणि पाटीचा वास एकाच घरातले. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ह्या वासाला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. स्वच्छ धुऊन तापवलेला दगड ओला केला तर तो वास येत नाही.

म्हणून जमिनीचा वाईनशी संबंध नाही असं मात्र अजिबात नाही. स्लेट काळी आहे, ऊन पिते आणि रात्री परत देते. ती पापुद्र्यांची आहे, पावसाचं पाणी वर थांबत नाही, भेगांतून खाली जातं, आणि मुळंही त्याच भेगांतून कित्येक मीटर खोल जातात. माती थोडी असल्यामुळे वेल माजत नाही. ह्या सगळ्यामुळे द्राक्ष हळूहळू पिकतं, आंबटपणा टिकवून पिकतं. चव त्या सावकाश पिकण्याची आहे. आपल्या काळ्या मातीशी तुलना केली तर फरक लगेच कळेल. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याची झीज होऊन जी काळी माती होते ती पाणी धरून ठेवते, फुगते, भेगाळते. स्लेट नेमकी उलट वागते.

वावरातला

भूगर्भी सर, मनापासून आभार. पाटीच्या वासाचं कारण कळल्यावर उलट जास्त आनंद झाला.

एक अनुभव जोडतो. त्याच बागायतदाराचा एक तुकडा नदीच्या खालच्या अंगाला उर्त्सिग गावात आहे, त्या बागेचं नाव व्युर्त्सगार्टन. अर्थ, मसाल्याची बाग. तिथला दगड लाल. द्राक्ष तेच, वर्ष तेच, तळघर तेच, करणारा माणूस तोच, आणि दोन ग्लास शेजारी ठेवले तर मला डोळे झाकून ओळखता आले. झोनेनऊरची हलकी, सरळ, फळाची. व्युर्त्सगार्टनची अंगाने भरलेली, तिला ओवा-बडीशेपेच्या जातीचा काहीतरी वास. म्हणून नाव मसाल्याची बाग पडलं असेल का?

भूगर्भी

उर्त्सिगला स्लेटच्या जोडीला पर्मियन ह्या भूशास्त्रीय काळातले लाल खडक आहेत, त्यात ज्वालामुखीतून आलेला रायोलाइटही. लाल रंग लोहाचा. जमिनीची खोली, पाणी धरण्याची ताकद, सगळंच बदलतं, त्यामुळे वाईन वेगळी लागणं अगदी शक्य आहे. नाव चवीवरून पडलं की तिथं खरोखर औषधी वनस्पती लावत असत म्हणून पडलं, हे एका चवीवरून ठरवू नये असं मला वाटतं.

खगोलवेडी

घड्याळ सरकलेलं नाही हो दादा! ते अगदी बरोबर चालतंय, त्याचा मान राखायला लॉगिन केलं.

सूर्यघड्याळ त्या जागेची सूर्यवेळ दाखवतं. जर्मनीची प्रमाणवेळ १५ अंश पूर्व रेखावृत्ताची, वेलेन ७ अंशांवर. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं मागे. उन्हाळी वेळेचा एक तास त्यात मिळवा, झाले ९२. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सरासरीपेक्षा साधारण १२ मिनिटं पुढे असतो, ते वजा करा. राहिली ८०. दोनातून ऐंशी मिनिटं गेली की बारा-चाळीस. तुम्ही जे पाहिलंत तेच.

आणि गंमत बघा, निफाड साधारण ७४ अंशांवर, आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची. फरक ३४ मिनिटांच्या आसपास. म्हणजे तुमच्या घरचा सूर्य आणि वेलेनचा सूर्य आपापल्या प्रमाणवेळेच्या जवळपास सारखेच मागे आहेत. मुंबईची जुनी 'बॉम्बे टाइम' ३९ मिनिटं मागे होती ती ह्याच हिशोबाने. आजोबा त्या वेळेचं सांगायचे.

वावरातला

ताई, हा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. फेब्रुवारीत जाईन तेव्हा त्या बागायतदाराला करून दाखवतो.

दिंडोरीकर

आमचीही द्राक्षं, म्हणून धंद्याचं विचारतो. वळण कसलं आहे? तारा आहेत का? भुरी-डाऊनी ह्या बुरशीच्या रोगांचं काय करतात? एवढ्या चढावर फवारणी कशी होते? आणि खुंट कोणता?

वावरातला

दिंडोरीकर भाऊ, तुम्ही विचाराल असं वाटलंच होतं.

जुन्या बागेत तारा नाहीत. प्रत्येक वेलीला एक उंच लाकडी खांब. छाटणीत दोन काड्या राखतात आणि त्या दोन बाजूंना वाकवून खाली बांधतात, आकार बदामासारखा होतो. त्यामुळे माणूस चढावर आडवाही चालू शकतो, तार आडवी येत नाही. नव्या लागवडीत तारा आल्यात.

छाटणी एकदाच, हिवाळ्यात. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असा प्रकार नाही. थंडीत वेल आपोआप झोपते, पानं गाळते. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून आपण दोनदा छाटतो आणि एकदाच पीक घेतो, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला तीनदा पुन्हा विचारलं. हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग करून डोळे फोडावे लागतात हे ऐकून तर गप्पच झाले. घड मोठा करायला जीएचं (जिबरेलिक अ‍ॅसिड ह्या संजीवकाचं) डिपिंग नाही, विरळणी नाही. मणी वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, बियांचा, साल जाड. आपल्या एक्सपोर्टच्या मण्याशेजारी ठेवला तर कुणी हात लावणार नाही. गोडी मात्र जबरदस्त.

डाऊनी आणि भुरी दोन्ही आहेत, पावसाच्या वर्षी डाऊनी झोपवते. फवारणीला अतिउतारावर हेलिकॉप्टर वापरतात, आता ड्रोनही. माल वाहायला एका रुळावरची छोटी गाडी असते, ती नसेल तिथं पाठीवर टोपलं. हेक्टरी वर्षाला हजाराहून जास्त तास माणसांचे जातात. सपाटीवर यंत्राने होतं त्याच्या कितीतरी पट.

खुंटाचं तर ऐकाच. फिलॉक्सेरा ह्या मुळांवरच्या कीडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बहुतेक बागा संपवल्या आणि सगळ्यांना अमेरिकन खुंट घ्यावा लागला. ह्या कीडीला पाटीच्या दगडात नीट पसरता येत नाही. म्हणून मोझेलवर अजूनही स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली आहेत, काही शंभरीच्या. नवी लागवड मात्र खुंटावरच करतात. शंभर वर्षांची वेल पहिल्यांदा हाताने चाचपली तेव्हा बुंधा माझ्या मांडीएवढा असेल असं वाटलं होतं. मनगटाहून थोडा जाड होता. दगडात वेल जाडी मिळवत नाही, खोली मिळवते.

दिंडोरीकर

आमची बाग बारा-पंधरा वर्षांत काढावी लागते. शंभर वर्षं! वडिलांना वाचून दाखवलं, त्यांनी विचारलं, "मग उत्पन्न किती निघतं?"

वावरातला

कमी निघतं भाऊ. म्हणून तर नावावर विकावं लागतं. नाव नसतं तर ह्या चढावर कुणी पाऊल टाकलं नसतं.

अनघा

मला नावांमध्येच जास्त रस आहे. झोनेनऊर, मसाल्याची बाग… आणखी सांगा ना! आणि ही नावं कोणी नोंदवली, बाटलीवर यायची परवानगी कोण देतं?

वावरातला

अनघाताई, नावांचं तर गाठोडंच आहे.

एर्डन गावाला ट्रेपशन नावाची बाग आहे, म्हणजे 'छोट्या पायऱ्या'. वेलींपर्यंत पोचायला खडकात पायऱ्या होत्या. ग्राख गावाला दोन आहेत : हिमेलराइख म्हणजे स्वर्गाचं राज्य, आणि डोमप्रोब्स्ट म्हणजे कॅथेड्रलचा मुख्य धर्माधिकारी. इथल्या चांगल्या बागा शतकानुशतकं चर्च आणि मठांच्या होत्या. नेपोलियनच्या काळात ती मालमत्ता सरकारजमा झाली, १८०३ पासून लिलाव झाले आणि गावातल्या घराण्यांकडे बागा आल्या. पुढं वारसाहक्काने वाटण्या होत होत तुकडे पडले. आज झोनेनऊरमध्ये कुणाच्या मोजक्या ओळी आहेत, कुणाचे दहा ठिकाणी दहा तुकडे. भावकी तिकडेही आहे.

ब्राउनेबर्गला युफर आहे, त्या भागातल्या बोलीत अविवाहित स्त्री. ब्रेम गावाजवळ कालमोंट आहे, युरोपातल्या सगळ्यात उभ्या बागांपैकी एक, चढ ६५ अंशांच्या घरात. नावाचा उगम लॅटिनमधून 'तापलेला डोंगर' असा सांगतात. तिथं मी गेलो नाही, खालून बघूनच पोटात गोळा आला.

आणि 'ले' हा शब्द लक्षात ठेवा. मोझेलवर बऱ्याच बागांच्या नावात तो येतो, बेर्नकास्टेलला तर एका बागेचं नावच नुसतं 'ले' आहे. अर्थ पाटीचा खडक. ऱ्हाइन नदीवरचा लोरेलायचा प्रसिद्ध कडा ऐकला असेल, त्यातला 'लाय'ही तोच. आपल्याकडच्या गावांच्या नावांत 'खडकी' किंवा 'पाषाण' असतं तसं.

सगळ्यात प्रसिद्ध नाव बेर्नकास्टेलचा 'डॉक्टर'. दंतकथा अशी, की चौदाव्या शतकात ट्रियरचा आर्चबिशप बोएमुंड दुसरा तिथल्या किल्ल्यात तापाने पडला, वैद्य थकले, मग कुणीतरी ह्या बागेची वाईन दिली आणि तो बरा झाला. खरा डॉक्टर हाच, असं तो म्हणाला. बाग जेमतेम सव्वातीन हेक्टर. कथा खरी असो नसो, त्या उताराखाली उभं राहिलं की दक्षिणेचं ऊन तोंडावर येतं. ताप उतरवणारं काही असेल तर ते ऊन.

नोंदीबद्दल. ट्रियरचा भाग प्रशिया ह्या जर्मन राज्याकडे गेल्यावर त्यांनी महसुलासाठी बागांची प्रतवारी केली. त्या आधारे १८६८ मध्ये क्लोटन नावाच्या अधिकाऱ्याने मोझेल आणि सार ह्या नद्यांकाठच्या बागांचा नकाशा छापला. जेवढा जास्त सारा तेवढा गडद रंग. वेलेनसमोरचा उतार त्यात गडद आहे. शेतसारा ही मला सगळ्यात विश्वासू साक्ष वाटते, कारण खोटं सांगून जास्त सारा कोणीच भरत नाही.

मग १९७१ चा वाईन कायदा आला. त्याआधी देशभर बागांची हजारो छोटी छोटी नावं होती. कायद्याने किमान पाच हेक्टरांची अट घातली, आणि थोडे अपवाद सोडून छोटी नावं मोठ्या नावात विलीन केली. उरली अडीच हजारांच्या आसपास. झोनेनऊरही तेव्हा वाढवली गेली, शेजारचे तुकडे तिच्यात आले. त्यामुळे आज 'झोनेनऊर' लिहिलेली प्रत्येक बाटली घड्याळाच्या खडकाजवळची असेलच असं नाही. जाणकार बागायतदार अजून जुन्या नावाने तुकडे ओळखतात. आमचं चोपण गट नंबरात गेलं तसंच झालं हे. त्यांच्याकडे निदान जुना नकाशा आहे.

प्रवासी_पक्षी

अनुभव सांगतो. फ्रँकफर्टला असताना एका दुकानात 'पीसपोर्टर मिशेल्सबर्ग' घेतली होती. पीसपोर्ट नामांकित गाव म्हणून. नुसतं साखरपाणी निघालं. तेव्हापासून मोझेलच्या नादी लागलो नाही. ह्या धाग्याने पुन्हा प्यावीशी वाटतेय, पण फसायचं नाही. ओळखायचं कसं?

वावरातला

प्रवासी पक्षी, तुमची चूक नाही. मिशेल्सबर्ग हे एका बागेचं नाव नाहीच, त्याच १९७१ च्या कायद्यात तयार केलेलं मोठ्या प्रदेशाचं नाव आहे. आजूबाजूच्या कितीतरी गावांची द्राक्षं त्यात येतात. बाटलीवर लिहिण्याची पद्धत मात्र हुबेहूब एका बागेसारखी. पीसपोर्टची खरी बाग 'गोल्डट्र्योप्फशन', सोन्याचे थेंब. वेलेनचंही असंच आहे : 'वेलेनर झोनेनऊर' ही बाग आणि 'वेलेनर म्युन्त्सले' हा प्रदेश. म्युन्त्सलेमध्ये 'ले' आहे म्हणून मीही पहिल्यांदा फसलो होतो.

लेबलवर द्राक्षाचं नाव रीसलिंग हवं. मग 'काबिनेट' म्हणजे सगळ्यात हलकी, 'श्पेटलेझ' म्हणजे उशिरा काढलेली, 'आउसलेझ' म्हणजे निवडक घडांची. ही प्रत द्राक्षाच्या रसातल्या साखरेवर ठरते. अल्कोहोल साडेसात ते नऊ असेल तर वाईन गोडसर, बारा असेल आणि 'ट्रोकन' लिहिलं असेल तर कोरडी. पूर्वी तळघरात हजार लिटरच्या लाकडी पिंपात वाईन आंबायची, थंडी पडली की यीस्ट थकायचं आणि साखर शिल्लक राहायची, ती गोडी तिथून आली. आता तापमान उतरवून हवी तिथं थांबवतात.

घाई नसेल तर ठेवून द्या. झोनेनऊरची श्पेटलेझ वीस वर्षं सहज राहते. जुनी झाली की तिला चक्क रॉकेलसारखा वास येतो. पहिल्यांदा मला बाटली बिघडली असं वाटलं होतं. तो रीसलिंगचा स्वभाव आहे. आमच्या घरी स्टोव्ह होता, त्यामुळे मला तो वास आवडला.

सह्याद्री

धागा छान चाललाय. उर्त्सिगजवळचा तो प्रचंड पूल झाला ना? त्याविरुद्ध बागायतदारांनी बरंच आंदोलन केल्याचं वाचलं होतं.

वावरातला

हो. होखमोझेल पूल, सुमारे १.७ किलोमीटर लांब, नदीपासून दीडशे मीटरहून उंच. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. दिसण्याबद्दल वाद होताच. बागायतदारांची मोठी भीती वेगळी होती : पुलाला जोडणारा रस्ता वेलेन-ग्राखच्या बागांच्या वरच्या जंगलातून जातो. त्या जंगलात मुरलेलं पाणी दगडाच्या भेगांतून खाली वेलींना मिळतं. ज्या उतारावर माती नाही तिथं तेवढंच पाणी. उन्हाळे कडक होत चालले आहेत, त्यामुळे ही गोष्ट अजून मोठी वाटते. पुलाखालून जाताना त्या बागायतदाराने वर बघितलं नाही, हे मी बघितलं.

माळकरी

मी वाईन घेत नाही, आमच्या घरात तीन पिढ्या तुळशीची माळ आहे. तरी धागा पहिल्या अक्षरापासून वाचला, चोपणाच्या वावरासाठी. दादा, तुम्ही लिहिलंत आणि मी रात्री आईजवळ बसून आमच्या शिवाराची नावं लिहून काढली. बरड : मुरूम, पावसाने ओढ दिली की आधी तेच वाळतं. लवण : खोलगट, पाणी साचतं, हरभरा उत्तम. पांढरी : जुन्या गावठाणाची माती, भांड्यांची खापरं निघतात, भाजीला सोनं. टेपाचं : उंचवट्यावरचं. चिंचेचं वावर : चिंच आजीच्या लहानपणीच पडली, नाव अजून उभं आहे. आणि एक 'उपाशी' म्हणून तुकडा आहे. कितीही खत घाला, दिसत नाही. माझ्या भावाला ह्यातली दोनच नावं माहीत निघाली. बाकी त्याला गट नंबर पाठ.

दिंडोरीकर

ताई, 'उपाशी' आमच्याकडेही आहे! खाली वाळू आहे, खत वाहून जातं.

अवांतर : नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालंय, नाशिकच्या द्राक्षांनाही. पण ते सबंध भागाला. एखाद्या वावराचं नाव बाटलीवर आलं तर? 'बरड, दिंडोरी तालुका' असं. माझ्याकडे शिराझ ह्या वाईनच्या द्राक्षाची दोन एकर आहे, कंपनीला जाते. वरचं एकर मुरमाड, खालचं काळीचं. दोन्ही एकाच टेम्पोत जातात. वरच्याचा मणी बारीक, रंग गडद, साखर आठ दिवस आधी येते. मला माहीत आहे, माझ्या मजुरांना माहीत आहे. पुढं कुणालाच नाही.

भूगर्भी

दिंडोरीकर, यंदा दोन्ही एकरांचा रस वेगवेगळा तपासून घ्या : साखर, आम्लता, पीएच. आणि दोन्हीकडे तीन फूट खड्डा घेऊन मातीचे थर लिहून ठेवा. तीन हंगाम हे केलंत तर दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असेल. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात माती-पाण्याबद्दल विचारता येईल.

दिंडोरीकर

करतो. काढणी फेब्रुवारीत आहे. आकडे ह्याच धाग्यावर टाकतो.

वावरातला

माळकरी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी घरी फोन लावला. वडिलांनी आठ नावं सांगितली, एका दमात, आणि प्रत्येकाचं कारणही. बरड, थोरलं लवण, बारवेचं, खडकाळी, चोपण… मी इथं कागदावर शिवाराचा नकाशा काढून त्यावर लिहीत गेलो. नववं नाव 'दिव्याचं वावर'. नदीकडेचा अर्ध्या एकराचा तुकडा, आमच्याकडे तो पाच पिढ्या आहे. तिथं दिवा कसला होता, हे वडिलांना आठवेना. आत्याला माहीत असेल म्हणाले, तिचं लग्न होईपर्यंत त्या वावरात तीच जायची. आत्या नव्वदीची आहे, ऐकायला कमी येतं, सकाळी बरं ऐकू येतं म्हणे. रविवारी इथं पहाटे उठून तिला फोन करतो.